ओतकाम

तालमीला निघालो म्हटलं
की गाड्यावरचा चहावाला माझ्या दंडाकडे बघतो
आणि हसू दाबत ग्लास पुढं करतो.
या गावात तालीम म्हणजे लाल माती.
आमची काळी:
उद्यमनगरच्या आतल्या गल्लीत
बंद पडलेल्या फौंड्रीतली जळकी वाळू,
कितीही झाडली तरी
रात्री अंघोळीला कानातून निघते.

लाइट बिल अजून जुन्या मालकाच्या नावानं येतं.
ते कुणी भरायचं, यावर
दर महिन्याला एक प्रयोग होतो, विनातिकीट.

माझं काम लिहायचं.
पहिल्या दिवशी सदतीस पानं घेऊन गेलो,
दोन अंक, नऊ प्रवेश, समास सोडून.
हुपरीकर बाईंनी मांडीवर ठेवून वाचली,
छान आहे म्हणाल्या,
आणि तन्वीर नदाफकडे वळल्या:
हे पहिलं पान पाठीनं करून दाखव.

त्यानं दाखवलं.
माझा साडेतीन मिनिटांचा संवाद
त्याच्या दोन खांद्यांमधून एकदा वर गेला
आणि खाली आलाच नाही.
तो जिथं अडकला होता
तिथंच आम्ही सगळे बघत राहिलो.

ते पान गेलं.

मग रोज जात राहिली.
बापाचं स्वगत रेणुकानं एका टाचेवर घेतलं.
संपाचा प्रवेश, माझा लाडका, अकरा पानी:
पाच जणांनी एकाच घमेल्याला हात लावले
आणि उचललंच नाही.

"मी पडतो, तू धर," रेणुका म्हणायची,
आमच्याकडच्या बायका बोलतात तसं,
आणि समोरचा तयार आहे का, न बघताच पडायची.
दोनदा धरली.
तिसरी रात्र सीपीआरच्या बाकावर काढली आम्ही.
पहाटे प्लास्टरमधला हात वरखाली करत ती म्हणाली,
हे ठेवूया नाटकात.

ठेवलं.

सदतीस पानांतला एक शब्द उरला:
सावकास.

प्रयोगाला एकतीस माणसं.
नऊ आमच्याच घरची,
एक समोरच्या लेथवरचा, आज एवढं शांत का, ते बघायला आलेला,
आणि मागं, चप्पल मांडीखाली घेऊन,
आकाराम तात्या,
याच छपराखाली अठ्ठावीस वर्षं मोल्डर.

विसाव्या मिनिटाला दोघं लॅडल घेऊन येतात.
लॅडल म्हणजे चार हात
आणि त्यांच्यामधली हवा.
तन्वीर म्हणाला, सावकास.

"आसं न्हवं."

तात्या उठून चालत आले, थेट उजेडात.
मी बोर्डापाशी. बटणावर बोट. दाबेना.
"चौदाशे डिग्री हाय त्यात, पोरांनो.
गुडघा मोकळा ठेवायचा, ह्यो आसा.
आनि तोंड फिरवायचं न्हाई.
तोंड फिरलं की हात फिरतोय."
त्यांनी पुढची बाजू धरली.
मागची तन्वीरनं.

हवेला वजन आलं.
एकतीस माणसांनी पाय आत घेतले,
पुढच्या रांगेतलं एक पोर तर बाकावर चढलं.
दोघं साच्यापाशी गेले, कलले.
तात्यांच्या कपाळाला घाम.
ओतून झाल्यावर त्यांचे खांदे
बोटभर वर आले, तेवढंच.
मला त्याला दीड पान लागलं असतं.

मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, ओशाळले,
"चालू द्या तुमचं" म्हणाले,
आणि अंधारात चप्पल चाचपायला लागले.

पुढच्या प्रयोगाला या म्हणून गेलो त्यांच्याकडं.
रात्रीचं जमत न्हाई, म्हणाले,
नातीला क्लासवरनं आणायचं असतंय.
पण अंगणात उभं राहून तासभर
मला गुडघा शिकवला.
मला, ज्याला कधी स्टेजवर जायचंच नाही.

पाटीवर लेखन म्हणून अजून माझंच नाव आहे.
त्या सदतीस पानांच्या पाठकोऱ्या बाजूवर
हुपरीकर बाई हिशेब मांडतात.
कालच्या पानावर लाइट बिल, फ्यूज, क्रेप बँडेज,
बेरीज चुकलेली,
आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेला
एक गुडघा,
मोकळा.